पणजोबा चार वह्यांत सापडतात: मराठवाड्यातल्या कॅथलिक घराण्याचा माग कसा काढायचा

सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि मराठवाड्यात जुन्या कागदांना एकदम भाव आला. निजामकाळातल्या कुणबी नोंदी शोधायच्या होत्या. तहसीलच्या अभिलेख कक्षातले रुमाल सुटले, मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांना फोन सुरू झाले. पुढे २ सप्टेंबर २०२५ चा शासन निर्णय आला आणि 'हैदराबाद गॅझेट' हा शब्द पारावरच्या गप्पांत शिरला. त्याआधी मी कुठं गेले आणि 'जुन्या नोंदींवर पीएचडी करते' म्हटलं, की लोक कीव केल्यासारखं बघायचे. आता चहा विचारतात, आणि लगेच पुढचा प्रश्न: 'आमचं काही सापडलं का?'

माझं काम मात्र जरा वेगळ्या घरांबद्दल आहे. नांदेड आणि लातूर जिल्ह्यांच्या खेड्यांतली कॅथलिक कुटुंबं. हे ऐकलं की दुसरा प्रश्न ठरलेला असतो: 'आपल्याकडे कॅथलिक? ते तर गोव्याला, वसईला असतात ना?'

असतात, आणि तिथल्या माणसाला पूर्वज शोधणं आपल्यापेक्षा सोपं जातं. वसई १५३४ मध्ये पोर्तुगीजांकडे गेली, १७३९ मध्ये मराठ्यांनी ती घेतली. त्या दोनशे वर्षांत गावोगावी चर्च उभी राहिली, माणसांना परेरा, डिसोझा, लोपीस अशी आडनावं मिळाली. आडनावावरूनच अर्धी वाट कळते. आपल्याकडे तसं काही नाही. पोर्तुगीज इथपर्यंत आलेच नाहीत. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आणि विसाव्याच्या सुरुवातीला जी माणसं मिशनमध्ये गेली, ती बहुतेक महार आणि मांग समाजातली होती. त्यांनी आडनाव बदललं नाही, गाव सोडलं नाही, लुगडं-धोतर तेच राहिलं. म्हणून कांबळे, गायकवाड, वाघमारे या आडनावांच्या गर्दीत कोण चर्चला जाणारा होता हे वरून कळत नाही. ते वह्यांतूनच शोधावं लागतं.

कसं शोधायचं, ते आज सांगते. समजा, तुमच्या घरात एवढीच आठवण आहे की 'आपले पणजोबा मिशनमध्ये गेले होते.' तिथून सुरू करू. उदाहरणासाठी मी एक काल्पनिक घर घेतलंय. खऱ्या घराचं नाव का देत नाही, ते शेवटी येईल.

वहीआधी आजी

कुठल्याही कार्यालयात जायच्या आधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाकडे बसा. 'आपला धर्म कधी बदलला?' असं विचारू नका. त्या प्रश्नाला लोक बिचकतात, आणि उत्तरही ठोकळेबाज येतं. साधं विचारा: लेकरू झालं की फादर कुठून यायचे? बैलगाडीनं की घोड्यावर? नाताळाला कुठल्या गावाला जायचे? लग्न कुठं लागलं? माती कुठं दिली? शिकवायला मास्तर कोण होता?

यातल्या प्रत्येक उत्तरात एक पत्ता दडलेला असतो. फादर ज्या गावाहून यायचे तिथं वही असणार. मास्तर म्हणजे मिशनचा धर्मशिक्षक. तो पुढं फार उपयोगी पडतो, ते बघूच. शब्दांकडेही कान द्या. आजी 'पाळक' किंवा 'पास्टर' म्हणत असेल तर ते घर आधी प्रोटेस्टंट असण्याची शक्यता आहे. आपल्या भागात हे मुळीच दुर्मीळ नव्हतं. जालन्याला स्कॉटिश मिशनचे नारायण शेषाद्री, नगरला अमेरिकन मराठी मिशन, बिदरकडे मेथडिस्ट, असा वेढा होता. माणसं सोयरिकीसाठी, शाळेसाठी, कधी दुष्काळातल्या ज्वारीसाठी एका मिशनमधून दुसऱ्यात जात. तेव्हा पहिली नोंद कॅथलिक वहीत नसेल तर लगेच हताश होऊ नका.

हद्दीचा घोळ: आधी तो सोडवा

सगळ्यात जास्त वेळ इथं वाया जातो, म्हणून जरा सविस्तर सांगते.

आजचा लातूर जिल्हा १९८२ मध्ये झाला, उस्मानाबादमधून. पण १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्य पुनर्रचनेआधी उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके बिदर जिल्ह्यात होते. म्हणजे निलंग्याच्या पणजोबांचे जिल्हा पातळीवरचे जुने कागद उस्मानाबादेतच असतील असं धरून चालू नका. चौकशी बिदरपर्यंत, म्हणजे आजच्या कर्नाटकात, करावी लागते. नांदेडचंही तसंच. किनवट १९५६ पर्यंत आदिलाबादकडे होतं. उलट मुधोळ तालुका, म्हणजे भैंसा वगैरे भाग, नांदेड जिल्ह्यात होता आणि तो आदिलाबादला गेला. आज तो तेलंगणात आहे.

आता चर्चची हद्द. ती सरकारी हद्दीशी जुळेलच असं नाही. पोप तेरावे लिओ यांनी १८८६ मध्ये भारतातल्या धर्मप्रांतांची मांडणी केली, त्यात पुणे आणि हैदराबाद हे धर्मप्रांत झाले. नागपूर १८८७ मध्ये झाला. मराठवाड्यातलं खेड्यापाड्यांतलं मोठं कॅथलिक काम उभं राहिलं ते पश्चिमेला, वैजापूर-गंगापूरच्या बाजूला. तिथल्या घोगरगावला नागपूरकडून आलेल्या फादरांनी बस्तान बसवलं. फादर गुरियन जाकिए यांना त्या भागातले लोक अजून 'गुरुबाबा' म्हणतात. पुढं १९५५ मध्ये अमरावती धर्मप्रांत निघाला आणि १९७७ मध्ये औरंगाबाद. आज मराठवाड्याचे सगळे जिल्हे औरंगाबाद धर्मप्रांतात येतात.

याचा तुमच्यासाठी अर्थ असा: औरंगाबादच्या कार्यालयात १९७७ च्या आधीचं सगळं मिळेल, असं गृहीत धरू नका. मागं मागं जा: औरंगाबाद, मग अमरावती, मग नागपूर. पणजोबा बिदर-हैदराबादच्या बाजूला राबत असतील तर हैदराबाद. बार्शी किंवा नगरकडे गेले असतील तर पुणे.

आणि पणजोबा गेले असतीलच. आपली माणसं एका जागी बसलेली नव्हती. मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेडवरून हैदराबादला जाणारा रेल्वेमार्ग १९०० च्या आसपास सुरू झाला. बार्शी लाइट रेल्वे १९११ मध्ये लातूरला पोचली. मातीकाम, खडी फोडणं, स्टेशनवर हमाली, लातूरचं गंज, नांदेडची उस्मानशाही गिरणी, हे सगळं माणसांना गावाबाहेर काढत होतं. त्याआधी १८७६ ते ७८ आणि १८९९-१९०० चे दुष्काळ होतेच. हिंगोलीला आणि मोमिनाबादला, म्हणजे आपल्या अंबाजोगाईला, हैदराबाद कंटिंजंटच्या छावण्या होत्या. जिथं छावणी तिथं अधूनमधून लष्कराचे पाद्री येत. त्यामुळे नोंद जन्मगावाहून शंभर मैलांवर निघाली तर चकित होऊ नका.

पहिली वही: स्नानसंस्काराची

कॅथलिक चर्चला वही ठेवायची सवय फार जुनी आहे. ट्रेंटच्या धर्मसभेनं १५६३ मध्ये लग्नाची नोंद सक्तीची केली. १६१४ च्या रोमन विधिग्रंथानं स्नानसंस्कार, दृढीकरण, लग्न आणि मृत्यू यांच्या नोंदी कशा लिहायच्या याचे नमुनेच दिले. म्हणून फ्रान्समधल्या एखाद्या खेड्यातली आणि वैजापूर तालुक्यातली नोंद एकाच साच्यात बसते: तारीख, लेकराचं नाव, आईबाप, गाव, धर्मपिता, धर्ममाता, फादरची सही. भाषा लॅटिन.

लॅटिन म्हटल्यावर घाबरू नका. तीस-चाळीस शब्द कळले की काम भागतं. पण तीन खड्डे आहेत, मी तिन्हींत पडलेय.

पहिला खड्डा विभक्तीचा. लॅटिनमध्ये 'चा' हा प्रत्यय नावालाच चिकटतो. 'फिलिउस याकोबी एत आन्ने' म्हणजे 'याकोब आणि अॅना यांचा मुलगा'. मी सुरुवातीला बापाचं नाव 'याकोबी' म्हणून उतरवत गेले. मग त्याच माणसाच्या स्वतःच्या नोंदीत 'याकोबुस' दिसलं आणि मी त्याला दुसरा माणूस समजले. अशानं एका माणसाचे दोन होतात. 'पेत्री' दिसलं तर माणूस 'पेत्रुस'.

दुसरा खड्डा महिन्यांचा. जुने फादर महिना आकड्यात लिहायचे: सात आणि पुढं 'ब्रिस'. आपल्याला वाटतं सातवा महिना, जुलै. नाही. लॅटिनमध्ये 'सेप्टेम' म्हणजे सात, म्हणून ७ब्रिस म्हणजे सप्टेंबर. तसंच ८ब्रिस ऑक्टोबर, ९ब्रिस नोव्हेंबर आणि १०ब्रिस डिसेंबर.

तिसरा खड्डा कानाचा, आणि हा सगळ्यात मजेदार. नागपूरकडचे फादर आन्सीच्या संघाचे होते. आन्सी हे फ्रान्सच्या सॅव्हॉय भागातलं गाव, तिथं १८३८ मध्ये हा संघ स्थापन झाला. पुण्याकडचे येशूसंघी पहिल्या महायुद्धापर्यंत बहुतेक जर्मन. हैदराबादचे इटलीतल्या मिलानच्या संघाचे. आता एकच 'यशवंत' हे तिघं रोमन लिपीत कसा लिहितील? फ्रेंच माणूस 'श' साठी सी-एच लिहील. जर्मन माणूस 'य' साठी जे लिहील, 'श' साठी एस-सी-एच आणि 'व' साठी डब्ल्यू. इटालियन 'श' साठी एस-सी-आय. आपण ते इंग्रजीच्या सवयीनं वाचतो आणि फ्रेंच नोंदीतला यशवंत 'यचवंत' होतो, जर्मन नोंदीतला 'जेशवंत'. गावांच्या नावांचंही तेच. म्हणून वही उघडण्याआधी विचारा की लिहिणारा कुठला होता. मग मनात त्याच्या उच्चारानं वाचा. गाव आपोआप ओळखीचं ऐकू येतं.

आता आपलं काल्पनिक घर बघू. समजा १९१२ ची नोंद सापडली: 'पेत्रुस, वय अंदाजे २५, प्रौढ'. पुढं गावाचं नाव. आईबापांच्या जागी 'अख्रिस्ती' एवढंच. धर्मपिता म्हणून एका माणसाचं नाव, आणि तेच नाव त्या पानावरच्या सहा नोंदींत. हा कुणाचा नातेवाईक नव्हे, हाच तो मिशनचा मास्तर. पहिल्या पिढीला धर्मपिता व्हायला नात्यातला ख्रिस्ती माणूस मिळत नसे, म्हणून मास्तर उभा राही. तीन वर्षांनी, १९१५ मध्ये, एका बाळाची नोंद: 'पेत्री' यांचा मुलगा. इथं धर्मपिता दुसराच कुणीतरी, शेजारच्या गावचा. हा माणूस बहुधा सोयरा. त्याचं नाव वहीत टिपून ठेवा.

समासही बघा. १९०८ पासून लागू झालेल्या नियमानं माणसाच्या लग्नाची नोंद त्याच्या स्नानसंस्काराच्या नोंदीशेजारी करायची होती, आणि १९१८ मध्ये लागू झालेल्या धर्मसंहितेनं ती शिस्त आणखी पक्की केली. समासात एक ओळ असेल: अमुक साली, अमुक ठिकाणी, अमुक मुलीशी. ती ओळ तुम्हाला पुढच्या वहीपर्यंत नेते. त्याच संहितेनं दरवर्षी वहीची एक प्रत बिशपांच्या कार्यालयात पाठवायला सांगितलं होतं. म्हणून गावातली वही वाळवीनं खाल्ली असली तरी शोध तिथं थांबवू नका. प्रत कुठं गेली ते विचारा.

दुसरी वही: लग्नाची

माझी सगळ्यात आवडती वही ही. कारण आपल्याकडे मामाची मुलगी करतात.

चर्चला ते चालत नसे. १९१८ च्या आधी चौथ्या पिढीपर्यंतच्या आणि त्यानंतर तिसऱ्या पिढीपर्यंतच्या रक्ताच्या नात्यात लग्न करायचं तर खास परवानगी लागायची. आपल्या माणसांनी रिवाज सोडला नाही आणि फादरांना परवानगी मागावी लागली. परवानगी मागितली की नातं लिहावं लागलं. म्हणून लग्नाच्या नोंदीत 'दुसऱ्या पिढीचं रक्तसंबंध, सूट दिली' अशा अर्थाची ओळ येते. दुसरी पिढी म्हणजे नवरानवरीचा एक आजोबा किंवा आजी सामाईक. आते-मामे भावंडं.

समजा आपल्या पेत्रुसच्या मुलाचं लग्न १९३५ मध्ये झालं आणि तिथं ही ओळ आहे. आता नवरीच्या बापाचं नाव बघा. तो नवऱ्याचा मामा असेल, तर नवऱ्याच्या आईचं माहेर सापडलं! ज्या बाईचं नाव सगळ्या कागदांत फक्त 'अमक्याची बायको' म्हणून येतं, तिचं गाव, तिचा भाऊ, तिची पिढी, सगळं एका निषेधाच्या नियमामुळे हाती लागतं. तेलंगण-कर्नाटकाच्या सीमेकडे बहिणीची मुलगी करायची रीतही होती. तिथं 'पहिल्याला भिडलेली दुसरी पिढी' असा शब्दप्रयोग दिसतो.

तिसरी वही: शाळेची

आता चर्चच्या दारातून बाहेर या. जुनी शाळा गाठा आणि दाखल-खारीज रजिस्टर मागा.

इथं भाषा बदलते. निजामाचं राज्य, कारभार उर्दूत, गावपातळीवर मोडी आणि मराठी. सन फसली. फसलीचं गणित सोपं आहे: ५९० मिळवा. वर्ष ऑक्टोबरच्या सुरुवातीला, आजूर महिन्यानं सुरू होतं. म्हणजे फसली १३३१ म्हणजे ऑक्टोबर १९२१ ते ऑक्टोबर १९२२. नुसतं १९२१ लिहून मोकळे झालात तर पुढं नऊ-दहा महिन्यांचा घोळ राहतो.

समजा फसली १३३१ मध्ये सात वर्षांचा एक मुलगा शाळेत दाखल झाला. जन्म १९१४ किंवा १५. गाव तेच. आईचं नाव जुळतंय. पण बापाचं नाव 'सटवा'. पेत्रुस कुठं गेला?

कुठंही नाही. तोच सटवा. चर्चमध्ये पेत्रुस, गावात सटवा. पाटलानं हाक मारली तर 'सट्या'. वहीत कुठलं नाव येतं हे वही लिहिणारा कोण यावर ठरतं. नाव जुळत नाही म्हणून नोंद टाकून देऊ नका. गाव, आईचं नाव, वय, सोयरे, यातल्या किमान तीन गोष्टी जुळल्या तर मी ती नोंद 'बहुधा तोच' म्हणून धरते. दोनच जुळल्या तर पेन्सिलीनं लिहिते.

उर्दूत आणखी एक फसवणूक आहे. उर्दूत पेत्रुसला पतरस म्हणतात, योहानला यूहन्ना आणि याकोबला याकूब. कारकुनानं आपल्या सवयीनं 'याकूब' लिहिलं आणि आपण ते मुसलमान घर समजून पान उलटलं, असं सहज होतं. त्यात उर्दूत ऱ्हस्व स्वर लिहीत नाहीत, त्यामुळे 'पतरस'चं 'पितरस' किंवा 'पुतरस' वाचणारे भेटतात. उर्दू वाचून देणाऱ्या माणसाला आधीच सांगून ठेवा की घर ख्रिस्ती असू शकतं.

चौथी वही: १९५१ ची

जनगणनेत नावं सापडतील असं अनेकांना वाटतं. जनगणनेच्या छापील अहवालांत आकडेच असतात, घराघरांतली नावं नाहीत. पण १९५१ मध्ये जनगणनेच्या चिठ्ठ्यांवरून गावोगाव 'नागरिकांचे राष्ट्रीय रजिस्टर' उतरवलं गेलं. कुणबी नोंदींच्या शोधात जे कागद तपासले गेले त्यांत खासरा पत्रक, पाहणी पत्रक, क-पत्रक, कुळ नोंदवही, जन्ममृत्यूचा गाव नमुना १४ यांच्याबरोबर हे रजिस्टरही होतं. आपल्यासाठी ते सोनं आहे, कारण बहुतेक महसुली कागद जमीन असणाऱ्याचे असतात. ज्याला जमीनच नाही तो तिथं येणार कसा? आला तर गावकामगार म्हणून, इनाम तुकड्याच्या नोंदीत, नाहीतर कुळ म्हणून. या रजिस्टरात मात्र घरातला प्रत्येक माणूस येतो, जमीन असो नसो.

आपल्या सटवाचं घर तिथं असं दिसेल: कुटुंबप्रमुख, वय ६५. मुलगा, वय ४०. सून, नातवंडं. सटवाचं वय चर्चच्या वहीशी जुळतं: १९१२ ला २५ म्हणजे १९५१ ला ६४. मुलगा मात्र १९१५ चा, म्हणजे ३६ हवा. ४० कसा? कारण वय विचारलं की आपण पाचाच्या नाहीतर दहाच्या पाढ्यात सांगतो. चाळिशीच्या आसपास, लिहा चाळीस. पाच वर्षांचा फरक म्हणजे चूक नव्हे. बाळाच्या स्नानसंस्काराची तारीख आणि १९५१ चं वय यांत भांडण झालं तर तारखेच्या बाजूनं राहा.

आता खरी अडचण

चार वह्या समोर ठेवल्या की माणूस सापडतो. पण धर्म?

स्नानसंस्काराच्या वहीत पणजोबा कॅथलिक. लग्नाच्या वहीत मुलगा कॅथलिक. शाळेच्या वहीत १९२१ मध्ये नुसती जात. आणि त्याच शाळेत नातवाचं नाव १९५० नंतर पडलं असेल तर बऱ्याचदा 'हिंदू' आणि पुढं जात. एखाद्या घरात १९५६ नंतर 'बौद्ध' हीसुद्धा नोंद येते. मग खरं काय?

इथं एक तारीख लक्षात ठेवा: १० ऑगस्ट १९५०. त्या दिवशीच्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातींची यादी ठरली आणि हिंदू धर्माबाहेरच्या माणसाला, पंजाबातल्या काही शीख जातींचा अपवाद सोडला तर, त्यातून वगळलं. पुढं १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना सामावून घेतलं. ख्रिस्ती राहिले बाहेर. शेजारच्या दोन घरांत तीच जात, तीच गरिबी, विहिरीवर तीच अडवणूक. एका घराला शिष्यवृत्ती, दुसऱ्याला नाही. फरक फक्त रकान्यातल्या एका शब्दाचा. अशा वेळी शाळेत नाव घालायला गेलेल्या बापानं काय सांगितलं असेल? आणि बापानं काहीच सांगितलं नाही, गुरुजींनीच आडनाव बघून लिहून टाकलं, असंही झालं असणार.

कागद वाचायला लागले तेव्हा मी असल्या नोंदींपुढं 'विसंगत' असा शेरा मारत होते. तो शेरा आता काढून टाकलाय. प्रत्येक वही वेगळा प्रश्न विचारते. चर्चची वही विचारते, 'याला कोणता संस्कार मिळाला?' शाळेची वही विचारते, 'याला सरकार काय म्हणेल?' गाव विचारत नाही, गावाला माहीतच असतं की घर गावकुसाबाहेर आहे. माणूस एकच, उत्तरं तीन. त्यातलं एक खरं आणि बाकीची खोटी असं मानणं म्हणजे त्या माणसाचं जगणंच न समजणं.

आणि हे फक्त इतिहासाचं कोडं नाही. त्या वह्यांवर आज नातवंडांची प्रमाणपत्रं उभी आहेत. जात पडताळणीत पणजोबाचा कागद मागतात हे तुम्हाला ठाऊकच आहे. कुणबी नोंद सापडली तर घरात पेढे वाटतात. या घरांत उलट होऊ शकतं: पणजोबा सापडले तर पणतूची झोप उडू शकते. एका आजींनी मला तासभर सगळं सांगितलं, नाताळची गाणीसुद्धा म्हणून दाखवली, आणि उठताना माझा हात धरून म्हणाल्या की नाव मात्र लिहू नकोस बाई. मी लिहिलेलं नाही. माझ्या प्रबंधात घरांना आकडे आहेत, नावं नाहीत. गावांच्या जागी तालुके आहेत. मार्गदर्शकांशी यावर माझं बोलणं झालं. पुरावा तपासता येत नसेल तर संशोधन कसलं, हा त्यांचा प्रश्न रास्त आहे. त्यावर आमचा मधला मार्ग असा: मूळ यादी बंद पाकिटात विद्यापीठाकडे द्यायची आणि परीक्षकांशिवाय कुणी ती उघडायची नाही. मला अजूनही पूर्ण समाधान नाही. पण आजींना दिलेला शब्द आणि परीक्षकांना दिलेला पुरावा यांत एकच निवडायची वेळ आली, तर मी काय करेन हे मला माहीत आहे.

म्हणूनच तुम्हालाही सांगते: घराण्याची वंशावळ बनवली की लगेच ती व्हॉट्सअॅपच्या भावकीच्या ग्रुपवर टाकू नका. आधी ज्यांच्यावर परिणाम होईल त्यांना विचारा.

जे कागद उरले नाहीत

कधी कधी चारही वह्या नसतात. १९४८ च्या सप्टेंबरात, रझाकारांच्या आणि पोलीस कारवाईच्या धामधुमीत, अनेक गावांनी जाळपोळ पाहिली. १९७८ मध्ये नामांतराच्या ठरावानंतर मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले झाले, त्यात नांदेड जिल्हा फार होरपळला. घर जळतं तेव्हा पत्र्याची ट्रंकही जळते, आणि तिच्यातला स्नानसंस्काराचा दाखलाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. गावं दुसरीकडे वसली. घरं नवी मिळाली, कागद मातीखाली राहिले, आणि जुन्या गावठाणाबरोबर थडगीही मागं राहिली.

अशा वेळी दगड वाचा. जुन्या गावाच्या कडेला क्रूस कोरलेला एखादा दगड उभा असतो, त्यावर नाव आणि साल. खडूनं घासू नका, पाणी शिंपडा आणि सकाळच्या तिरप्या उन्हात फोटो काढा. अक्षर उठून दिसतं. आणि शेजारच्या घरांच्या नोंदी काढा. तुमच्या पणजोबांची नोंद नसली तरी ते कुणाचे तरी धर्मपिता असतील, कुणाच्या लग्नाचे साक्षीदार असतील. मला दोन घरांचे कर्ते पुरुष असे दुसऱ्यांच्या नोंदींतच भेटले.

जाण्याआधी

थोडक्यात क्रम सांगते. आधी आजी. मग हद्दी: गाव १९५६ च्या आधी कुठल्या जिल्ह्यात, १९५५ आणि १९७७ च्या आधी कुठल्या धर्मप्रांतात. मग स्नानसंस्कार, समास, लग्न. मग शाळा, शेवटी १९५१ चं रजिस्टर आणि महसुली कागद.

चर्चमध्ये जाताना आधी पत्र द्या. त्यात नातं लिहा, सालांचा अंदाज लिहा. 'सगळ्या वह्या दाखवा' म्हणाल तर नाही म्हणतील, आणि बरोबरच आहे, त्यांत हयात माणसांच्याही नोंदी असतात. रविवारी जाऊ नका, त्या दिवशी फादरांना श्वास घ्यायला फुरसत नसते. वहीवर पेनानं खूण करू नका. फोटो काढण्याआधी विचारा. आणि तुम्हाला जे सापडेल त्याची एक स्वच्छ प्रत त्या चर्चला परत द्या. पुढचा पणतू येईल तेव्हा त्याला निदान कुठून सुरुवात करायची हे कळेल.

पुढच्या वेळी लॅटिन नोंदींतले ते तीस-चाळीस शब्द, अर्थासकट, एका कोष्टकात देते. छापून खिशात ठेवता येईल असं. तोवर आजीकडे बसून घ्या. वह्या थांबतील.